काही होत नाही हो!

परवा रात्री जेवणं आटोपून भांडी आवरत होते, तर भाचीचा फोन. धाकट्या बहिणीची मुलगी ही. एएनएमचा कोर्स करून गेल्या वर्षी इथेच, सोलापुरात, एका नागरी आरोग्य केंद्रात लागली. एरवी तिचा फोन म्हणजे "मावशी, उद्या दोन भाकरी जास्त टाक, मी येतेय." त्या दिवशी आवाज वेगळाच होता.

झालं होतं असं. लसीकरणाच्या दिवशी एका बाईने तिच्यासमोर मोबाईल धरला. त्यात पांढरा कोट घातलेला एक माणूस हिंदीत सांगत होता की लहान मुलांना ज्या लसी देतात त्याने पुढे मुलं होत नाहीत. बाई म्हणाली, "आता बोला." आणि भाचीला बोलताच येईना. मागे दहा-बाराजणी रांगेत. शेवटी ती चिडून म्हणाली, "असलं काहीतरी बघत जाऊ नका हो. काही होत नाही." बाई पोराला कडेवर घेऊन निघून गेली. तिच्या मागे आणखी दोघी.

"मला सगळं माहीत होतं गं मावशी," ती म्हणाली. "लस कशी काम करते, सगळं. परीक्षेत मार्क पडलेत मला. पण तिथे काय बोलायचं तेच कळेना."

मी म्हटलं, उद्या सांगते. फोन ठेवला आणि बराच वेळ ओट्यापाशी तशीच उभी राहिले. कारण "काही होत नाही" हे वाक्य माझं होतं. मी ते वीस-एकवीस वर्षं वापरलंय, आणि त्याची किंमतही मोजलीय. खरं तर मी नाही मोजली, दुसऱ्याच कुणीतरी मोजली. ते लिहून काढावं असं खूप दिवस मनात होतं. आज लिहितेय.

माझी बरीचशी नोकरी सोलापूरच्या पूर्व भागात गेली. ज्यांनी सोलापूर पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. आमचं गाव चादरींचं, तसंच विड्यांचंही. पूर्व भागात तेलंगणातून पिढ्यान्‌पिढ्यांपूर्वी आलेला पद्मशाली समाज मोठा. पुरुष यंत्रमागावर, बायका घरी विड्या वळतात. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि पान, शेजारी झोळीत बाळ. बोटं थांबत नाहीत, कारण हजार विड्या झाल्या तरच दिवसाचा हिशोब जुळतो. घरात तेलुगू, दुकानात मराठी, दोन गल्ल्या पलीकडे कन्नड, त्याच्या पलीकडे उर्दू. मी मराठी शाळेत शिकलेली. तेलुगू कामचलाऊ शिकले. "जरम वस्तदा?" म्हणजे "ताप येईल का?" हे मात्र पहिल्या महिन्यातच पाठ झालं, कारण प्रत्येक आई तेच विचारायची.

आणि मी प्रत्येकीला सांगायची, "काही होत नाही हो! मुंगी चावल्यासारखं."

२००९ ची गोष्ट. समाजमंदिरात लसीकरणाचं सत्र होतं. एक अव्वा नातवाला घेऊन आली. दीड महिन्याचा मुलगा, त्रिगुणीचा पहिला डोस. तिने विचारलं, जरम वस्तदा? मी माझं नेहमीचं वाक्य म्हटलं, टोचलं, कार्डावर तारीख लिहिली, पुढचं बाळ घेतलं. त्या दिवशी चाळीसच्या वर मुलं होती.

त्या रात्री बाळाला सणकून ताप भरला. मांडी सुजली. रात्रभर रडलं. डीपीटीने असं होऊ शकतं, बऱ्याच मुलांना होतं, एक-दोन दिवसांत उतरतं, हे मला माहीत होतं. अव्वाला माहीत नव्हतं. तिला मी सांगितलं होतं की काही होत नाही. मग होतंय ते काहीतरी भयंकरच असणार, नाही का? रात्री रिक्षा करून त्यांनी बाळाला खाजगी दवाखान्यात नेलं, पैसे गेले. सुनेच्या दोन दिवसांच्या विड्या बुडाल्या. बाळ बरं झालं. पण पुढच्या सत्राला त्या गल्लीतून फक्त तीन मुलं आली.

मी काय केलं? रजिस्टरमध्ये त्या घरांपुढे "नकार" असं लिहिलं आणि मीटिंगमध्ये सांगितलं की तिथले लोक अडाणी आहेत, अफवांवर विश्वास ठेवतात. सगळ्यांनी माना डोलावल्या. खरंच सांगते, तेव्हा मला त्यात काही चूक वाटली नव्हती.

मध्ये नऊ वर्षं गेली. मी दुसऱ्या भागात बदलून गेले आणि फिरून परत आले. तोवर घरोघरी व्हॉट्सअ‍ॅप आलं होतं.

२०१८ चं साल आमच्या जिल्ह्याला विसरता येणार नाही. १ जुलैला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं, आमच्या मंगळवेढ्याकडची. मुलं पळवणारी टोळी आलीय असा मेसेज फिरत होता आणि ही माणसं अनोळखी दिसली, एवढाच त्यांचा गुन्हा. त्यानंतर कितीतरी दिवस आम्ही गल्लीत शिरलो की लोक आधी ओळखपत्र मागायचे. मला राग नाही आला. अनोळखी बाई दारात येऊन "घरात लहान मूल आहे का?" असं विचारते, हे दुसऱ्या बाजूने कसं दिसत असेल ते पहिल्यांदा डोक्यात आलं.

त्याच वर्षी २७ नोव्हेंबरला गोवर-रुबेलाची मोहीम सुरू झाली. नऊ महिने ते पंधरा वर्षं, राज्यातली तीन कोटींहून जास्त मुलं, बहुतेक शाळांमधूनच. उजव्या दंडावर सुई, डाव्या अंगठ्याला शाई. आणि मोहिमेच्या आधीच व्हिडिओ पोचले होते. अमुक गावात मुलं बेशुद्ध पडली, तमुक ठिकाणी मेली, पुढे मूलबाळ होणार नाही. आमच्या भागातल्या एका शाळेत लस द्यायच्या दिवशी वर्ग अर्धे रिकामे. यादी काढली, तर त्यात तोच पत्ता. तोच मुलगा, आता नऊ वर्षांचा.

मी गेले. अव्वा दारातच बसली होती, सूप मांडीवर. मी बसले आणि सुरुवात केली. तो व्हिडिओ खोटा आहे, लस पुण्यातच बनते, सुई एकदाच वापरता येते, जगभर देतात, वगैरे. चांगली दहा मिनिटं बोलले. तिने हातातली विडी पुरी केली, धागा बांधला, आणि शांतपणे म्हणाली, "व्हिडिओचं राहू दे. तू खोटं बोलली होती की."

मला आठवेना. तिला तारखेसकट आठवत होतं. "काही होत नाही म्हणालीस. रात्रभर पोरगं जळत होतं. दुसऱ्या दिवशी तू आलीस का?"

नाही गेले मी. मला कळलं होतं, पण गेले नाही. लोक भांडतील अशी भीती वाटली होती.

खरं सांगायचं तर त्या गल्लीत लसीबद्दलची पहिली खोटी माहिती मोबाईलवरून आलेली नव्हती. ती मी दिली होती. व्हिडिओ नऊ वर्षांनी आला आणि त्याला नांगरलेली जमीन आयतीच मिळाली.

आम्हाला ट्रेनिंगमध्ये चार संदेश घोकून घेतले जायचे. आजही घेतात. लस दिल्यावर आईला चार गोष्टी सांगायच्या : कोणती लस दिली आणि ती कशापासून वाचवते, पुढच्या वेळी कधी यायचं, काय त्रास होऊ शकतो आणि झाला तर काय करायचं, आणि कार्ड जपून ठेवा, पुढच्या वेळी आणा. शिवाय अर्धा तास तिथेच थांबायला सांगायचं. मी पहिला, दुसरा आणि चौथा न चुकता सांगायची. तिसरा गिळायची. का? तर ताप येतो म्हटलं तर रांगेतल्या दोघी निघून जातील, आणि संध्याकाळी आकडा कमी भरेल. म्हणजे त्यांच्या भल्यासाठी म्हणून मी त्यांच्याशी खोटं बोलत होते. त्यातला थोडा भाग माझ्या रिपोर्टच्या भल्याचाही होता.

त्या दिवशी मी अव्वाला म्हटलं, "चुकलं माझं. तेव्हा मी सांगायला हवं होतं. आणि दुसऱ्या दिवशी यायला हवं होतं." एवढंच. तिचं तोंड काही लगेच उजळलं नाही. पण तिने चहा टाकायला सांगितला, आणि मग घरातले आजोबा बोलायला लागले.

आजोबांचा विषय वेगळाच होता. ते म्हणाले, सरकार फुकट काही देत नाही, नसबंदीच्या वेळीही असंच गोड बोलून सुरू झालं होतं. मी आधीची असते तर "त्याचा इथे काय संबंध?" असं म्हणाले असते. पण संबंध आहे. आणीबाणीत, १९७६ च्या जानेवारीत, आमच्याच जिल्ह्यातल्या बार्शीत नसबंदीची मोहीम झाली, तेव्हा कामासाठी गावात आलेल्या माणसांना धरून गाडीत घालून नेल्याच्या नोंदी आहेत. त्याच वर्षी महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयकसुद्धा मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, म्हणून तो कायदा झाला नाही. ज्यांनी ते दिवस पाहिले, त्यांना आपण कुठल्या तोंडाने सांगणार की तुमची भीती येडचाप आहे? "लसीने मूल होत नाही" हे खोटं आहे, शंभर टक्के खोटं. पण ते ज्या आठवणीवर उभं आहे ती खरी आहे. आधी आठवणीला मान द्यावा लागतो, मग लसीचं बोलता येतं.

मी आजोबांना म्हटलं, "धरून नेत होते हे खरं आहे. पण इथे कुणी धरून नेणार नाही. तुम्ही नाही म्हणालात तर मी उठून जाईन. उद्या परत येईन, पण नुसती विचारायला."

दुसऱ्या दिवशी गेले. तिसऱ्या दिवशीही. शुक्रवारी मुलाच्या अंगठ्याला शाई लागली. या वेळी मी आधीच सांगितलं होतं की ताप येऊ शकतो, पुरळ उठू शकतं, आलं तर हे करा, हा माझा नंबर. त्याला काहीच झालं नाही! रात्री अव्वाने फोन करून विचारलं, "ताप आला नाही, लस लागू पडली ना?" मी एकटीच हसत बसले.

घरातली धाकटी मुलगी, दोन वर्षांची, हिला मात्र त्यांनी दिली नाही. "आधी याचं बघू," म्हणाले. मला ते पटलं नाही, पण समजलं. मी त्या वेळी रजिस्टरमध्ये "नकार" नाही लिहिलं. पेन्सिलने "परत जाणे" लिहिलं. तिला लस मिळाली पुढच्या फेब्रुवारीत, माझ्या सहाव्या फेरीला.

तेव्हापासून मी एक वही केली. दोनशे पानी, साधी. त्यात गल्लीत ऐकलेली प्रत्येक अफवा लिहायची. कुणाकडून ऐकली, कुठल्या दिवशी, आणि शेवटी एक रकाना : यामागे भीती कसली? हा शेवटचा रकाना भरायला सगळ्यात वेळ लागायचा. आणि तो भरला की बोलायचं काय ते आपोआप कळायचं.

मग २०२० आलं. सोलापुरात पहिला रुग्ण सापडला १२ एप्रिलला, पण त्याआधीच फेब्रुवारी-मार्चमध्ये चिकनने कोरोना होतो म्हणून राज्यभर कोंबड्यांचे भाव कोसळले होते, पोल्ट्रीवाले रडकुंडीला आले होते. माझी वही भरभर भरायला लागली. दवाखान्यात नेलं की माणूस परत येत नाही. तपासणीत मुद्दाम पॉझिटिव्ह काढतात. आणि हो, त्यात एक नोंद माझ्याच नावावर आहे! दर पंधरा मिनिटांनी पाण्याचा घोट घेतला की विषाणू पोटात जाऊन मरतो, हा मेसेज मी स्वतः, एका आरोग्य सेविकेने, आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला होता. एका डॉक्टरच्या नावाने आला होता, मला बरा वाटला, टाकला. दुसऱ्या दिवशी आमच्या मेडिकल ऑफिसर मॅडमनी सांगितलं की असं काही नसतं. मी ग्रुपवर लिहिलं, "कालचा मेसेज चुकीचा होता, मी न तपासता पाठवला, माफ करा." दिरांनी अंगठा दाखवला. बाकी कुणी काही बोललं नाही. पण त्यानंतर त्या ग्रुपवर लोक मेसेज टाकायच्या आधी मला विचारायला लागले. चूक कबूल केल्याने माझी पत गेली नाही, उलट वाढली. हे मला पन्नाशी ओलांडल्यावर कळावं!

३१ जानेवारी २०२१ ला यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी तालुक्यात पोलिओच्या थेंबांऐवजी बारा मुलांना सॅनिटायझर पाजलं गेलं. मुलं सुदैवाने बरी झाली. त्यानंतर घरोघरी फिरताना आमच्याकडे एका आईने डोसाची बाटली हातात घेतली, लेबल बघितलं, नाकाशी नेऊन वास घेतला. माझ्याबरोबरची मुलगी वैतागली. मी म्हटलं, घेऊ दे वास. आपल्याच माणसांकडून झालेली चूक आहे, तेवढा हक्क आहे तिचा.

कोविडची लस आली तेव्हा वहीने फार कामं केली. लस घेतली की दोन वर्षांत मरण, असा एका फ्रेंच नोबेलविजेत्याच्या नावाचा मेसेज मे २०२१ मध्ये घराघरात होता. नाशिकला एकाच्या अंगाला लसीनंतर चमचे-नाणी चिकटतात म्हणून टीव्हीवर दाखवत होते, अंनिसच्या कार्यकर्त्यांनी त्यात काही चमत्कार नसल्याचं लगेच दाखवून दिलं. पण माझ्या वहीत विडीवाल्या बायकांच्या नावापुढे शेवटच्या रकान्यात मरण नव्हतं, चुंबकही नव्हतं. "दोन दिवस ताप आला तर विड्या कोण वळणार?" हे होतं. मेसेज पुढे करायच्या, कारण मजुरी बुडते हे सांगायला लाज वाटते. मग कारखान्याला सुट्टी असते त्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी सत्र ठेवून पाहिलं. गर्दी झाली! एकाही व्हिडिओला मी उत्तर दिलं नव्हतं.

मे २०२२ अखेर मी रिटायर झाले. तरी लोक येतातच. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रोडच्या बाजूला जीबीएसची साथ आली, आणि राज्यातला पहिला संशयित मृत्यू नोंदवला गेला तो आमच्या सोलापुरात. मार्चमध्ये सिद्धेश्वर तलाव, कंबर तलाव परिसरात कावळे मरून पडले, तपासणीत बर्ड फ्लू निघाला. झालं! शेजारपाजारच्या बायका माझ्या ओसरीवर. चिकनमुळे होतो का? कोरोनाच्या लसीमुळे होतो का? शेजारी झोपलं तर होतो का?

खरं सांगते, पहिल्या दिवशी मला जीबीएसबद्दल फारसं माहीत नव्हतं. मी म्हटलं, "मला नीट माहीत नाही. विचारून उद्या पाच वाजता सांगते." आणि पाच वाजता सांगितलं : एकाचा दुसऱ्याला लागत नाही. पुण्यात तपासलेल्या काही नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू मिळालाय, तो घाण पाण्यातून आणि कच्च्या राहिलेल्या मांसातूनही पोटात जाऊ शकतो. म्हणून पाणी उकळून प्या, चिकन खायचं तर पूर्ण शिजवून खा. हातापायांत अचानक अशक्तपणा आला तर घरी बसू नका, लगेच दवाखाना गाठा. "चिकनचा काही संबंध नाही" असं ठोकून देणं सोपं होतं, पण ते पुन्हा "काही होत नाही"सारखंच झालं असतं.

तर भाचीला काय सांगायचं? तिने दुसऱ्या दिवशी मला मोबाईलवर एक पुस्तिका पाठवली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये काढलेली, अफवांच्या साथीशी लढणाऱ्या माणसांना कुठली कौशल्यं हवीत त्याची. या साथीला ते "इन्फोडेमिक" म्हणतात. अफवेचा माग ठेवणं, ती लवकर ओळखणं, वेळेत उत्तर देणं, लोकांना आधीच तयार करणं, असं सगळं त्यात आहे. चांगलंच आहे. मी तिला म्हटलं, हे वाच, पण आधी एक कर. उद्या त्या बाईच्या घरी जा.

"आणि काय बोलू?"

"काही बोलू नकोस. काल मी चिडले, चुकलं, म्हण. मग विचार, तुम्हाला कसली भीती वाटतेय? आणि गप्प बस. ती जे सांगेल ते वहीत लिही. ताप येतो हे लपवू नकोस. माहीत नसेल तर माहीत नाही म्हण, कधी सांगशील ते सांग, आणि त्या वेळेला जा."

"आणि ती नाहीच म्हणाली तर?"

"तर चहा पिऊन ये."

काल तिचा मेसेज आला. गेली होती. त्या बाईचं पहिलं मूल आजारपणात दगावलं होतं, तेही लस घेतल्यानंतर महिन्याभराने. लसीचा त्याच्याशी संबंध नव्हता, पण हे इतक्या वर्षांत तिला कुणी विचारलंच नव्हतं. दोघी तासभर बोलत बसल्या. बाई अजून हो म्हणालेली नाही. "विचार करते," म्हणाली.

खाली भाचीने विचारलं होतं, "मावशी, रजिस्टरमध्ये काय लिहू?"

मी लिहिलं, "पेन्सिल घे."